अंडा सेलची रात्रपाळी

बंद्याला वेगळ्या कोठडीत टाकलं की तो सुरक्षित झाला, असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्या काही अधिकाऱ्यांनाही तसंच वाटतं. कारागृह खात्यात मी शिपाई म्हणून लागलो आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. तेवढ्या नोकरीत मला याच्या उलट दिसलं. बराकीत दाटीवाटीने माणसं झोपलेली असतात. एखाद्याने रात्री जिवाचं बरंवाईट करायचं मनात आणलं तर शेजारचा जागा होतो, ओरडतो, त्याचा हात धरतो. स्वतंत्र कोठडीत शेजारचा नसतो, म्हणून त्याचं काम ड्युटीवरच्या शिपायाला करावं लागतं. ज्याला हे उमगलेलं नाही त्याला त्या यार्डात उभं करू नये.

आता मी मनीषनगरात राहतो. उज्ज्वलनगरच्या स्टेशनावरून मेट्रोत बसलं की चौथं स्टेशन रहाटे कॉलनी, आणि तिथेच नागपूर मध्यवर्ती कारागृह. तिथे नात्यातलं कोणी आत असेल, तर लोक दबक्या आवाजात विचारायला येतात, “भाऊ, अंडा सेल म्हणजे नेमकं काय असते हो?” याच तुरुंगात 30 जुलै 2015 रोजी याकूब मेमनला फाशी झाली आणि प्रा. साईबाबा अंडा सेलमध्ये होते, एवढं त्यांनी पेपरात वाचलेलं असतं. मी सांगतो की नाव त्या अंडाकृती आवारावरून पडलं आहे. आत एकेकट्या माणसाच्या कोठड्या, तिथेच अंथरूण, तिथेच संडास, समोर गज. माझी नोकरी राज्यातल्या वेगवेगळ्या तुरुंगांत झाली. कुठे काय पाहिलं त्याची नावं मी घेणार नाही, पण वेगळ्या कोठड्यांचं काम सगळीकडे सारखंच असतं.

या यार्डात येणारे सगळे एका कारणाने येत नाहीत, आणि पहिली अडचण तीच आहे. कोणी टोळीवाला, ज्याच्यामुळे बराकीत मारामारी होईल. कोणाच्या जिवाला दुसऱ्या टोळीकडून धोका, म्हणजे हा संरक्षणासाठी आलेला. कोणी शिक्षा म्हणून, कोणी उपोषणाला बसला म्हणून, कोणी डोकं ताळ्यावर नाही म्हणून. कुलूप सगळ्यांना एकच. पण टोळीवाल्यापासून इतरांना सांभाळायचं असतं आणि मनाने खचलेल्याला त्याच्या स्वतःपासून. शिपायाला चार्ज घेताना कोठडी क्रमांक आणि नाव मिळतं, कारण मिळत नाही. मी चार्ज घेताना आधीच्या माणसाला मुद्दाम विचारायचो, कोण जेवला नाही, कोणाची तारीख होती, कोणाच्या घरून पत्र आलं. नोंदवहीत नसलेलं सगळं त्या दोन मिनिटांत कळायचं.

कारण दिवस बघून धोका वाढतो. जामीन फेटाळला त्या रात्री, शिक्षा लागली त्या रात्री, मुलाखतीला येणारी बायको आली नाही त्या रात्री. नवीन आलेल्याचे पहिले काही दिवस तर फारच नाजूक. ताट परत येऊ लागतं, अंघोळ बंद होते, माणूस आपलं साबण-टॉवेल दुसऱ्याला देऊन टाकतो. आणि एक खूण नवख्याला कळत नाही. आठवडाभर आदळआपट करणारा अचानक शांत, गोडबोल्या झाला की नवा शिपाई निर्धास्त होतो. मी त्या गजापाशी जास्त वेळ थांबायचो.

राउंडचंही एक तंत्र आहे. ठरल्या वेळेला, ठरल्या दिशेने फिरलात की आतल्या माणसाला तुमचं घड्याळ पाठ होतं. दोन फेऱ्यांमधला मोकळा वेळ त्याला मिळतो. म्हणून कधी लवकर जायचं, कधी अर्ध्यातून परत फिरायचं, कधी शेवटच्या कोठडीपासून सुरुवात करायची. तोंडावर चादर घेऊन झोपलेला माणूस हलताना किंवा त्याची छाती वरखाली होताना दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. नुसती टॉर्च मारून चालत नाही, आवाज द्यायचा, तोही नावाने. “काऊन रे, जेवला नाहीस?” एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा उत्तर येतं, “मन नाही होऊन राहिलं, साहेब.” त्या वाक्यानंतर पाच मिनिटं उभं राहणं ही ड्युटीच आहे, वेळ घालवणं नाही. एका तुरुंगात मी रात्रीची नोंदवही पहाटेपर्यंत आधीच भरून ठेवलेली पाहिली, प्रत्येक तासापुढे ‘सर्व ठीक’. अशी वही वहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर वरिष्ठ झोपतात.

किल्ल्यांची गोष्ट बाहेर कोणाला माहीत नसते. रात्रीच्या बंदीनंतर कोठड्यांच्या किल्ल्या पहारेकऱ्याकडे राहत नाहीत. त्या मोजून आत जमा होतात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर पहारेकऱ्याला धरून कोणीही यार्ड उघडेल. पण याचा अर्थ असा की गजाआड माणूस तडफडताना दिसला तरी मी दार उघडू शकत नाही. शिट्टी मारायची, निरोप धाडायचा, अधिकारी किल्ली घेऊन येईपर्यंत बोलत राहायचं. त्या अंतरात जीव जातो. ते अंतर किती मिनिटांचं आहे याची रात्री रंगीत तालीम व्हावी, असं मी ज्या-त्या अधीक्षकांना सांगत आलो. पळून जाण्याची तालीम होते, जीव वाचवण्याची क्वचित.

याचं कारण आमच्या खात्याच्या शिकवणीत आहे. आमची नजर गजावर तयार केलेली असते. 31 मार्च 2015 ला नागपूरच्या तुरुंगातून 5 बंदी गज कापून पळाले, तेव्हा राज्यभर झडत्या वाढल्या, गज ठोकून बघणं कडक झालं. हवंच होतं ते. पण गजाआडच्या माणसाची झडती त्याच कसोशीने घ्यावी असं मात्र कोणी म्हटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. अमिताव रॉय समितीने 2017 ते 2021 या वर्षांतले देशभरातल्या तुरुंगांतले अनैसर्गिक मृत्यू मोजले. 817 पैकी 660 आत्महत्या निघाल्या. ज्या मारामाऱ्यांच्या भीतीने आपण माणसं वेगळी करतो, त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं अशी गेली.

नवल म्हणजे इंग्रजांच्या कायद्याला हे ठाऊक होतं. 1894 च्या तुरुंग कायद्याचं कलम 29 सांगतं की बंद्याला कोणत्याही क्षणी अधिकाऱ्याशी संपर्क करता येईल अशी सोय नसेल, तर ती कोठडी एकांतवासासाठी वापरूच नये, आणि 24 तासांपेक्षा जास्त काळ अशा कोठडीत असलेल्याला डॉक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाने रोज एकदा भेटलं पाहिजे. पुढे 30 ऑगस्ट 1978 ला सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की फाशीची शिक्षा झाली म्हणून लगेच कोणाला एकांतात डांबता येत नाही. अपील आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत तो माणूस त्या अर्थाने फाशीचा कैदी नसतोच. याच बत्राने तिहारमधून शेजारच्या बंद्याला वॉर्डरने केलेल्या अमानुष छळाबद्दल पत्र लिहिलं, आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. आमच्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते, हे मी स्वतः वर्दी घातलेला माणूस म्हणून लिहितो. एकांतातल्या बंद्याला मारलं तर साक्षीदार नसतो.

मग कॅमेरे आले. कॅमेरा हवा, तो बंद्यालाही वाचवतो आणि खोट्या आरोपातून शिपायालाही. पण कॅमेरा विचारत नाही की जेवलास का. आणि तो कुठे लावायचा याला माणुसकी लागते. माओवादी संबंधांच्या खटल्यात शिक्षा झालेले, पोलिओने 90 टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवरचे प्रा. जी. एन. साईबाबा 2022 च्या मे महिन्यात नागपूरच्या अंडा सेलमध्ये उपोषणाला बसले. समोरच्या कॅमेऱ्यात संडास आणि अंघोळसुद्धा दिसते, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं होतं. त्यांच्याच खटल्यातला, त्याच तुरुंगातला पांडू नरोटे त्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने गेला, वय 33. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, त्यात तोही होता. खटल्याबद्दल कोणाचं काहीही मत असो, ताप आलेला माणूस वेळेत दवाखान्यात पोचणं हा पहाऱ्याचाच भाग आहे.

हे सगळं करायला माणसं लागतात. आदर्श कारागृह नियमावली, 2016 प्रमाणे 6 बंद्यांमागे 1 पहारेकरी हवा. प्रत्यक्षात जागा रिकाम्या राहतात, शिपाई डबल ड्युटी करतो, आणि पहाटे तीनला त्याचेच डोळे मिटू लागतात. सलग दुसरी पाळी करणाऱ्याला स्वतंत्र कोठड्यांवर लावणं बंद झालं पाहिजे. त्या यार्डाची माणसं वेगळी मोजून भरली पाहिजेत आणि त्यांना मनाच्या आजाराचं प्रशिक्षण भरतीच्या पहिल्या वर्षातच मिळालं पाहिजे.

ज्यांचं माणूस आत आहे त्यांना एवढंच सांगतो. त्याला आधी कधी मनाचा आजार, फिट, साखर, दारूची सवय असेल, त्याने पूर्वी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला असेल, तर लाज न धरता पहिल्याच मुलाखतीच्या दिवशी अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या, औषधाच्या चिठ्ठीची प्रत जोडा आणि पोच घ्या. त्याला वेगळ्या कोठडीत का ठेवलं आणि डॉक्टर रोज येतात का, हे वकिलामार्फत विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तुरुंगातल्या माणसाला तो मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.