१५ वर्षांची जुनी मोटारसायकल पासिंगला न्यायचीय? या गोष्टी आधी घरीच तपासा

अहिल्यानगर : सकाळी सहाला जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध डेअरीसमोर उभं राहिलं की जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांची रांग दिसते. दोन्ही बाजूंना कॅन, मागे पेंडीचं पोतं आणि टाकीवर अजून 'हिरो होंडा' हे नाव. हिरो आणि होंडा २०१०-११ मध्ये वेगळे झाले, म्हणजे त्या नावाच्या बहुतेक गाड्यांनी १५ वर्षं गाठली किंवा ओलांडली आहेत. गाडी चालतेय, अॅव्हरेज देतेय, विमाही भरलेला आहे. पण आरसी बुकावर 'वैधता' म्हणून लिहिलेली तारीख किती जणांनी पाहिली?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. गावाकडे यालाच री-पासिंग म्हणतात. नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं, पुढे पुन्हा तसंच. '१५ वर्षं झाली की गाडी भंगारात' हा समज आपल्याकडे लागू नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांवरची ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागापुरती आहे.

विमा आहे, मग भीती कसली?

विमा ऑनलाइन सहज निघतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. इथंच घोळ होतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टापुढे एका पिकअप गाडीचं प्रकरण होतं. तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत जानेवारी २००६ मध्ये संपली आणि फेब्रुवारीत अपघात झाला. विमा चालू होता. तरी नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सांगून कोर्टाने मालकाला गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली. तो निकाल तात्पुरत्या नोंदणीचा होता, पण मुदत संपलेल्या आरसीवर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. शिवाय विनानोंदणी गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

१५ वर्षांत एकदाही तपासणी नाही

माल वाहणाऱ्या टेम्पोला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करावं लागतं. खासगी दुचाकीला मात्र पीयूसी सोडली तर १५ वर्षं कोणी हात लावून बघत नाही. ब्रिटनमध्ये ३ वर्षांपुढच्या मोटारसायकलची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. गाडीचा नंबर टाकला की ती कधी पास, कधी नापास झाली हे कुणालाही मोबाईलवर दिसतं. तिथल्या निकालांत मोटारसायकली नापास होण्याच्या कारणांत दिवे आणि सिग्नल वर असतात. त्यानंतर ब्रेक, टायर, स्टिअरिंग अशी कारणं येतात. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचीही दुखणी हीच आहेत. इंजिन दणकट असतं, गाडी अडते ती बारीकसारीक कामांवर.

दिवे, हॉर्न, इंडिकेटर : जुन्या स्प्लेंडर, सीडी डॉनसारख्या गाड्या बॅटरी मेली तरी किक मारून चालू होतात. त्यामुळे बॅटरीकडे कोणी बघत नाही. पण हॉर्न, इंडिकेटर आणि बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइट बॅटरीवर चालतो. बॅटरी गेली की तिन्ही बंद पडतात. हेडलाइट मॅग्नेटोवर असल्याने तो चालतो, म्हणून दुखणं लक्षात येत नाही. नवी बॅटरी टाकूनही ब्रेक लाइट लागला नाही तर बल्ब आणि पायाच्या ब्रेकजवळची स्विच-स्प्रिंग बघा. मागचा लाल रिफ्लेक्टर आणि आरसेही शाबूत हवेत.

ब्रेक : या गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा आत जातो, लायनर गुळगुळीत होतात. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला की लायनर संपले, नट आवळून उपयोग नाही. पुढचा ब्रेक तर अनेकांनी सोडूनच दिलेला असतो. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट कॅन भरून उतरताना एकट्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबत नाही.

हँडल आणि शॉकअप : गाडी डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. 'कट-कट' लागलं तर कोनसेट ढिला किंवा गेलेला आहे. हँडल सरळ करताना मधेच खटका बसत असेल तरी तेच. फोर्कवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील बदला.

टायर, चेन : टायरच्या खोबणीत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कडेला चिरा पडलेल्या असतील तर नक्षी असूनही तो भरवशाचा नाही. चेन सैल असेल आणि स्प्रॉकेटचे दात शार्कच्या दातासारखे वाकलेले असतील तर पूर्ण चेनसेट बदला. नुसती चेन बदलली तर तीही लवकर जाते.

साडीगार्ड आणि फूटरेस्ट : कॅन अडकवायला अडचण होते म्हणून साडीगार्ड काढून ठेवलेला असतो. मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं आवरण नियमाने लागतं. पोटमाळ्यावर पडलेला साडीगार्ड परत बसवा. कॅनची चौकट काढून, गाडी धुऊन न्या.

पीयूसी : एप्रिल २००० नंतरच्या जुन्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमपर्यंत चालतं. आकडा जास्त आला तर आधी एअर फिल्टर झटका किंवा बदला, प्लग साफ करा, चोक ओढलेला राहिलाय का बघा. कुट्टी आणि मळणीच्या धुळीत फिल्टर बुजतो, हवा कमी मिळते आणि पेट्रोल अर्धवट जळतं. निळसर धूर येत असेल तर मात्र काम रिंग-पिस्टनचं आहे.

चेसिस नंबर : हँडलखाली फ्रेमच्या मानेवर तो कोरलेला असतो. इन्स्पेक्टर तो आरसीशी ताडून बघतात. गंज किंवा रंगाने बुजला असेल तर रॉकेलच्या बोळ्याने हळू पुसा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर लावू नका, अंक खोडल्याचा संशय येतो. गाडीचा रंगही आरसीप्रमाणे हवा.

कुठे, कसं, किती

एमएच १६ ची गाडी अहिल्यानगर कार्यालयात, एमएच १७ ची श्रीरामपूरला. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो. नमुना २५, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा कागद आधी आणा.

दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून १००० रुपये आहे. २० वर्षांपुढच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून २००० रुपये झाली. उशीर झाल्यास नियमात महिन्याला ३०० रुपये जादा आहेत. याशिवाय पर्यावरण कर लागतो. तो २०१० साली आला तेव्हा दुचाकीला ५ वर्षांचे २००० रुपये होते. स्मार्ट कार्डचे पैसे वेगळे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. नेमका आकडा अर्ज करताना पोर्टलवर दिसतो, तोच भरा.

गाडी ठेवायची नसेल तर

इंजिन बसलंय, फ्रेम सडलीय, खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय, अशी गाडी भंगारवाल्याला तशीच देऊ नका. आरटीओच्या दप्तरी नाव तुमचंच राहतं. त्या नंबरने पुढे काही घडलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. गाडी कायमची निकामी झाल्यास १४ दिवसांत आरटीओला कळवून, आरसी जमा करून नोंदणी रद्द करायची असते.

ऊसतोडीच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. समोरची ट्रॉली वेळेत दिसायला हेडलाइट लागतो, दिसल्यावर थांबायला ब्रेक लागतो आणि मागच्याला आपण दिसायला लाल दिवा लागतो. पासिंगच्या निमित्ताने हे तिन्ही नीट झाले तरी खर्च वसूल झाला. आज घरी गेल्यावर आधी आरसी काढा आणि तारीख बघा.