चुंबकांची कोंडी

तीन लहान चुंबक त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर ठेवले आहेत आणि प्रत्येकाचे तोंड वर किंवा खाली एवढेच होऊ शकते, असे समजा. नियम एकच: प्रत्येकाने शेजाऱ्याच्या उलट तोंड करावे. पहिल्याने वर केले, दुसऱ्याने खाली. आता तिसऱ्याने काय करावे? वर केले तर पहिल्याशी बिघडते, खाली केले तर दुसऱ्याशी. दोष एकाचाही नाही, मांडणीचा आहे. शास्त्रज्ञ ह्याला ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. आम्ही ‘कोंडी’ म्हणू. अशा त्रिकोणांच्या जाळ्यात निरपेक्ष शून्य तापमानालाही व्यवस्था लागत नाही, हे ग्रेगरी वॅनियर यांनी १९५० साली गणिताने दाखविले.

मग कोंडीतून व्यवस्था कधीच निघत नाही काय? २००६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पीटर शिफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंड-निकेलच्या मिश्रधातूच्या चकत्या चौकोनी जाळीत मांडल्या. चकती २२० नॅनोमीटर लांब, ८० नॅनोमीटर रुंद; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रत्येक चकती हा एक चुंबक. जाळीच्या दर चौकात चार टोके एकत्र येतात, म्हणजे सहा जोड्या होतात. दोन उत्तर व दोन दक्षिण ध्रुव आले, तर चार जोड्यांचे जुळते, दोहोंचे बिघडते. सहाही जुळणे शक्यच नाही. काटकोनातले शेजारी अधिक जवळ असतात. म्हणून त्यांच्याशी जमवून तंटा समोरच्याशी ठेवला, की ऊर्जा सर्वांत कमी लागते. ही तडजोड साऱ्या जाळीभर बसू शकते.

प्रत्यक्षात मात्र ती बसली नाही. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करीत, हळूहळू कमी करीत, त्यांनी जाळीला घुसळून काढले. नुसत्या योगायोगाने शंभरांत साडेसदतीस चौकांत दोन-दोनचा नियम पाळला गेला असता. दाट जाळीत तो सत्तरांच्या आसपास पाळला गेला. पण सलग व्यवस्था काही लागली नाही. चकती अशी जाड, की खोलीच्या उष्णतेने तिचे तोंड फिरत नाही. बाहेरून ढकलावे तेव्हाच ते फिरते.

२०११ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना मात्र मुद्दाम न घुसळलेल्या जाळीत व्यवस्थेचे मोठमोठे पट्टे आढळले. त्यांनी कारण दिले ते असे: धातूचा थर चढू लागला तेव्हा चकत्या अगदी पातळ होत्या. उष्णतेच्या धक्क्याने त्यांची तोंडे सहज उलटत होती, पुन्हा फिरत होती, शेजाऱ्यांशी जुळत होती. थर जाड झाला तशी ती जुळणी गोठली. २०१३ साली अमेरिकेत जाळी तापवून सावकाश निवविली, तेव्हाही चौकोनी मांडणीत तेच घडले.

माणूस म्हणजे चुंबक नव्हे, आणि धातूच्या नियमांवरून समाजाचे कायदे करू नयेत, हे आम्ही जाणतो. पण संघटनेच्या कामात, वरून हुकूम आला की एकी होते, असे मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही एवढेच विचारू: ह्या निर्जीव चकत्यांनासुद्धा पुन्हापुन्हा फिरून पाहण्याची मोकळीक मिळाल्यावरच जुळवून घेता आले, मग माणसांना ती न देता कसे जमावे?