विश्लेषण : गाठी दोन की एकच? वकिलाने गणिताचा तक्ता कसा दुरुस्त केला?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या गाठींच्या तक्त्यात एकच गाठ दोनदा नोंदवली गेली. सात दशकांहून अधिक काळ ते कुणाच्या लक्षात आले नाही. न्यूयॉर्कमधील वकील केनेथ पर्को यांनी १९७३ मध्ये ही चूक शोधली आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली.

दोन गाठी एकच कधी मानतात?

टोपोलॉजी या गणितशाखेत गाठ म्हणजे दोन्ही टोके जोडलेली दोरी. ती न कापता, स्वतःतून आरपार न नेता, केवळ ताणून-वळवून एका गाठीची दुसरी करता आली तर दोन्ही एकच. या बदलाला ‘आयसोटोपी’ म्हणतात. सुरगाठीची टोके जोडली तरी ती सुटते आणि साधे कडे उरते. घट्ट निरगाठ मात्र सुटत नाही.

चूक कुठे झाली?

अमेरिकी गणितज्ञ चार्ल्स न्यूटन लिटल यांनी हातानेच चित्रे काढून वर्गवारी केली. दोरी स्वतःवरून जाते त्या प्रत्येक जागेला, म्हणजे क्रॉसिंगला, दिशेनुसार अधिक एक किंवा उणे एक द्यायचा आणि बेरीज करायची. कमीत कमी क्रॉसिंग असलेल्या चित्रांत ही बेरीज बदलत नाही, अशी त्यांची धारणा होती. पर्को यांच्या जोडीत दोन्ही चित्रांत १० क्रॉसिंग आहेत. पण बेरीज एकात ८, तर दुसऱ्यात १० येते. गाठ मात्र एकच! त्यामुळे ती धारणाच कोसळली. आता १० क्रॉसिंगच्या मूळ गाठींची संख्या १६६ नव्हे, १६५ मानली जाते.

वेगळेपण सिद्ध करणे अवघड का?

गाठी एकच आहेत हे दाखवायला एक यशस्वी बदल पुरतो. तो सापडला नाही म्हणून त्या वेगळ्या ठरत नाहीत. त्यासाठी आयसोटोपीत न बदलणारी खूण लागते. व्हॉन जोन्स यांनी १९८४ मध्ये शोधलेली बहुपदी ही अशीच खूण. दोन गाठींच्या बहुपदी वेगळ्या आल्या, तर गाठी नक्की वेगळ्या. त्या सारख्या आल्या, तर मात्र खात्री देता येत नाही.

याचा उपयोग काय?

जिवाणूंचा डीएनए बहुधा कड्यासारखा असतो. त्यातली गाठ कापल्याशिवाय सुटत नाही. पेशीतील काही एन्झाइम डीएनए कापतात, दुसरा भाग त्यातून पलीकडे नेतात आणि पुन्हा जोडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जिवाणूंमधील अशाच एन्झाइमना रोखते. डीएनएत कोणत्या गाठी तयार झाल्या, यावरून एन्झाइम नेमके कसे काम करते याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. तिथे गाठ अचूक ओळखावीच लागते.