शेंडीदार कोंबडी आणि जुना कळप

कोंबडीच्या डोक्यावरील तांबड्या मांसल भागास मराठीत तुरा म्हणतात. परंतु काही जातींमध्ये हा तुरा अगदी लहान असून त्याच्या मागे लांब पिसांचा भरघोस झुपका वाढलेला असतो. त्यास आपण येथे शेंडी म्हणू. पोलिश ही या जातींपैकी सर्वांत प्रसिद्ध जात होय. नाव पोलिश असले, तरी तिची जोपासना मुख्यतः नेदरलँड्समध्ये झाली. आपल्याकडील देशी कळपांतही अधूनमधून शेंडीदार कोंबडी आढळते.

छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाई शहराच्या कडेस जुनवानी ही वस्ती आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि पुढे शहर वाढत गेले. तरी या भागात कुकरी, म्हणजे कोंबडी, परसात पाळण्याची जुनी रीत आहे. असा कळप बहुधा मिश्र असतो. त्यात साध्या देशी कोंबड्यांबरोबर झुंजार असील, काळ्या मांसाचा कडकनाथ, किंवा हैदराबाद येथील संशोधनातून परसातील पालनासाठी निर्माण झालेली वनराजा असू शकते. असीलच्या मूळ प्रदेशात तर छत्तीसगढचाच समावेश होतो. अशा कळपात एखादी शेंडीदार कोंबडी आणून सोडली, तर काय होईल? पुरेशी काळजी न घेतल्यास ती जखमी होण्याचा, प्रसंगी मरण्याचाही संभव असतो. त्याची कारणे समजून घेणे उद्बोधक आहे.

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, कोंबड्यांच्या कळपात श्रेणी ठरलेली असते. वरच्या श्रेणीची कोंबडी खालचीस टोचते. खालची उलटून टोचत नाही, बाजूस सरते. एकदा ही श्रेणी ठरली, म्हणजे कळपात बरीच शांतता नांदते. नवीन कोंबडी येताच मात्र ती शांतता मोडते. कारण नवागत कोंबडीचे स्थान प्रत्येकीशी नव्याने ठरावे लागते.

कोंबड्या एकमेकींस ओळखतात कशावरून? अमेरिकेतील गुल व ऑर्टमन या संशोधकांनी कोंबड्यांच्या निरनिराळ्या अवयवांचे रूप पालटून पाहिले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत डोके व मान यांचे रूप बदलले असता ओळख सर्वांत अधिक बिघडते, असे आढळून आले. शेंडीदार कोंबडीचे डोकेच मुळी वेगळे असते. शिवाय मोठा तुरा असलेल्या कोंबडीस बहुधा वरची श्रेणी मिळते, आणि शेंडीदार कोंबडीचा तुरा तर नाममात्र असतो. त्यातच शेंडीची पिसे डोळ्यांवर येत असल्यामुळे समोरून वा वरून येणारी चोच तिला वेळेवर दिसत नाही. आकाशातून झडप घालणारा शिक्राही तिला उशिराच दिसतो.

याहून गंभीर गोष्ट शेंडीच्या खाली असते. पोलिश जातीच्या कवटीवर उंचवटा असून तेथील हाड पुष्कळदा पूर्ण भरून आलेले नसते. मेंदूचा काही भाग त्या उंचवट्यात शिरलेला असतो. डार्विन यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या, पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात या कवटीची दखल घेतली आहे. म्हणून अन्य कोंबडीस किरकोळ ठरणारी टोच हिच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते.

यास्तव प्रवेश टप्प्याटप्प्याने घडवावा. प्रथम नवीन पक्षी तीन ते चार आठवडे दूर, वेगळ्या खुराड्यात ठेवावेत. त्यांची भांडी निराळी असावीत आणि त्यांचे काम जुन्या कळपानंतर करावे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याबरोबरही येऊ शकतो. तिच्याविरुद्धची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. शेंडीच्या मुळाशी उवा व सूक्ष्म किडी दडतात. त्या पिसे बाजूस सारून पाहाव्यात.

त्यानंतर सुमारे दोन आठवडे दोन्ही गटांमध्ये जाळी असावी. एकमेकांस पाहता यावे, परंतु टोचता येऊ नये, हा तिचा हेतू. या काळात डोळ्यांवर येणारी पिसे बोथट टोकाच्या कात्रीने बेताने कापावीत; रक्ताने भरलेली कोवळी, वाढती पिसे मात्र कापू नयेत. पाण्याच्या भांड्याचे तोंड अरुंद असावे, म्हणजे शेंडी भिजत नाही. पावसाळ्यात ओली शेंडी विशेष त्रासदायक ठरते.

शेवटी जाळी काढावी. एकटा पक्षी सोडू नये; दोन-तीन समवयस्क तलंगा एकत्र सोडाव्यात, म्हणजे साऱ्या कळपाचा रोख एकीवरच राहत नाही. दाणा व पाणी तीन-चार ठिकाणी ठेवावे, आणि लपण्यास फळ्या वा झुडपे असावीत. थोडी टोचाटोची होणारच. ती श्रेणी ठरण्याची रीत आहे. परंतु रक्त दिसताच जखमी पक्षी ताबडतोब वेगळा करावा, कारण तांबडा रंग पाहून इतर कोंबड्या त्याच जागी टोचत राहतात. असील इतकी भांडखोर असते, की तिच्यासह शेंडीदार कोंबडी न ठेवणेच श्रेयस्कर.

शाळांतील विद्यार्थ्यांना या विषयाचा अभ्यास सहज करता येईल. प्रत्येक कोंबडीच्या पायात निराळ्या रंगाची कडी घालावी आणि रोज दाणा टाकल्यावर पंधरा मिनिटे कोणी कोणास टोचले, याची वहीत नोंद करावी. काही दिवसांत कळपाची श्रेणी कागदावर उमटेल. नव्या कोंबडीस जागा मिळाली, की टोचांची संख्या कमी होत जाईल. ती कमी न होता वाढत राहिली, तर जाळी पुन्हा लावावी.