व्हिपलॅश : चाबकाचा फटका की मानेचा हिसका?

एस.टी.च्या गाडीत तुम्ही उभे आहात. वरची दांडी धरलेली नाही. चालकाने क्लच सोडला, गाडीने एकदम हिसका दिला आणि तुम्ही मागच्या माणसाच्या अंगावर जाऊन पडलात. तुम्हांला मागे ढकलले कोणी? कोणीच नाही. तुमचे पाय गाडीबरोबर पुढे गेले. वरचे शरीर होते तेथेच राहू पाहत होते. जडत्वाचा हा धडा तुम्ही पुस्तकात वाचलेलाच आहे. आता हाच प्रकार पाय आणि धड यांच्याऐवजी धड आणि डोके यांच्यात घडला तर? मध्ये सापडते ती मान. या दुखापतीला इंग्रजीत ‘व्हिपलॅश’ म्हणतात. वर्तमानपत्रात, विम्याच्या कागदात, डॉक्टरांच्या चिठ्ठीत हा शब्द तुम्हांला केव्हातरी भेटेल. शब्द मोठा चित्रमय आहे, आणि म्हणूनच थोडा धोकेबाजही आहे. कसा, ते पाहू.

‘व्हिप’ म्हणजे चाबूक आणि ‘लॅश’ म्हणजे त्याची लवचीक दोरी, तसेच त्या दोरीचा फटकाही. पोतराज रस्त्यावर आसूड ओढतो तेव्हा ‘फाट्’ असा आवाज येतो. तो आसूड अंगावर बसल्याचाच असतो असे नाही. नुसता हवेत फिरवला तरी आवाज होतो. आसूड मुठीशी जाड आणि टोकाला बारीक असतो. हाताने दिलेला झटका वळशाच्या रूपाने दोरीतून टोकाकडे धावतो. जसजसा तो पुढे जातो तसतसे हलणारे वस्तुमान कमी होत जाते, पण ऊर्जा मात्र बरीचशी तेवढीच उरते. वस्तुमान घटले, ऊर्जा टिकली, तर वेग वाढलाच पाहिजे. शेवटी तो ध्वनीच्या वेगापलीकडे, म्हणजे २०° सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटरपलीकडे जातो आणि हवेत आघाततरंग निर्माण होतो. तो ‘फाट्’ आवाज या तरंगाचा. १९५८ साली बर्नस्टाइन, हॉल आणि ट्रेंट या अमेरिकन संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रे घेऊन चाबकाच्या गतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने बनवलेली, ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी पहिली वस्तू कदाचित चाबूकच असावी!

या चाबकाचा मानेशी संबंध जोडला हॅरल्ड क्रो या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने. १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अस्थिरोगतज्ज्ञांच्या एका सभेत त्याने वाहन-अपघातात मानेला इजा झालेल्या आठ रुग्णांची माहिती सांगितली. त्यांच्या मानेची हालचाल कशी झाली असावी हे समजावताना तो ‘व्हिपलॅश’ हा शब्द वापरून गेला. शब्द ऐकणाऱ्यांना फारच आवडला. पुढे १९५३ साली गे आणि अ‍ॅबट या दोघांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात या दुखापतींवर लेख लिहिला आणि तो शब्द डॉक्टरांबरोबर वकिलांच्याही तोंडी बसला. बिचाऱ्या क्रोला मात्र याचे समाधान वाटले नाही. १९६४ मध्ये त्याने स्पष्टच लिहिले की, हा शब्द आपण गतीच्या वर्णनासाठी वापरला होता. पण डॉक्टर, रुग्ण आणि वकील या सर्वांनी तो रोगाचे नाव म्हणून स्वीकारला आणि त्यातून गैरसमज माजला. स्वतःच घडवलेल्या शब्दाला ‘दुर्दैवी’ म्हणण्याची पाळी फार थोड्या शास्त्रज्ञांवर आली असेल.

गैरसमज कोणता, हे कळण्यासाठी अपघाताच्या क्षणी काय घडते ते नीट पाहू या. तुम्ही मोटारीत बसला आहात, मोटार सिग्नलला उभी आहे, आणि मागून दुसऱ्या मोटारीने धडक दिली. समजा, त्या धडकेने तुमच्या मोटारीचा वेग ०.१ सेकंदात शून्यावरून ताशी १० किलोमीटर झाला. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. त्याला ०.१ ने भागा. त्वरण आले २७.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ पावणेतीन पट. सायकलसुद्धा ताशी १० किलोमीटरपेक्षा वेगाने जाते, तरी त्वरण एवढे मोठे! कारण वेग फार नसला तरी काळ फार थोडा आहे.

आसनाची पाठ तुमच्या धडाला पुढे रेटते. डोक्याला मात्र कोणीच रेटत नाही, म्हणून ते आपल्या जागी राहते. त्या ०.१ सेकंदात धड किती पुढे सरकेल? अंतर = अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग. आकडे घाला : ०.५ × २७.८ × ०.०१ = ०.१३९ मीटर, म्हणजे जवळजवळ १४ सेंटिमीटर. मान डोक्याला मुळीच ओढत नाही असे धरून हा हिशेब केला आहे. प्रत्यक्षात मान ओढतेच, आणि त्या ओढण्यातच तिला इजा होते. डोक्याचे वस्तुमान साधारण साडेचार किलोग्रॅम धरा. त्याला धडाइतकेच त्वरण द्यायचे तर बल हवे १२५ न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतेरा किलोग्रॅमची पिशवी उचलायला लागेल तेवढे. आणि हे बल सात लहान मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, बारीक सांधे, अस्थिबंध आणि स्नायू यांनी मिळून, तेही बेसावध असताना द्यायचे. धोका ओळखून मानेचे स्नायू आवळले जाईपर्यंत मुख्य घटना होऊनही गेलेली असते.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्या : डोके मागे ‘फेकले’ जात नाही, धड त्याच्या खालून पुढे ओढून घेतले जाते. आणि दुसरी गोष्ट अशी की, चाबकाची उपमा येथे अर्धीच लागू पडते. चाबकाचे टोक हलके असते, म्हणून त्याचा वेग वाढतो. मानेच्या टोकाला मात्र अंगातला एक जड गोळाच बसवलेला आहे! हे चाबकापेक्षा काडीवर खोचलेल्या बटाट्याशी अधिक जुळते. तुम्ही करूनच पाहा. खराट्याची एक लवचीक काडी घ्या. तिचे एक टोक ओल्या मातीच्या गोळ्यात पक्के रोवा, दुसऱ्या टोकावर लहानसा बटाटा किंवा लिंबू खोचा. गोळा फळीवर ठेवून फळीला एकदम पुढे हिसका द्या. लिंबू आधी मागे राहील, काडी वाकेल, मग लिंबू झोकांडी खाऊन पुढे येईल. फळी सावकाश ओढली तर काहीच होणार नाही. काडी कोठे वाकते तेही नीट पाहा.

कारण मान वाकते ती साध्या धनुष्यासारखी नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मानेच्या मणक्यांवर असे आघात करून पाहिले. १९९७ साली त्यांनी दाखवून दिले की, आघातानंतरच्या पहिल्या क्षणात मानेला इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखा आकार येतो : खालचे मणके मागे वाकतात, त्याच वेळी वरचे पुढे. संपूर्ण मान मागे झुकलेली दिसण्याआधीच खालच्या सांध्यांवर नेहमीच्या मर्यादेबाहेर ताण पडून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. क्ष-किरणांच्या चित्रातही बहुधा काही दिसत नाही, कारण हाड मोडलेले नसते.

आणि येथेच खरी भानगड सुरू होते. मान दुखते, डोके दुखते, चक्कर येते. पण दाखवायला काही नाही. मग रुग्ण खरे बोलतो की नुकसानभरपाईसाठी सोंग करतो? हा वाद मोटारीपेक्षाही जुना आहे. १८६६ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसेन यांनी रेल्वे अपघातांतील अशा रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि त्या दुखण्याला ‘रेल्वेचा कणा’ अशा अर्थाचे नाव लोकांत रूढ झाले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी त्याला विरोध केला : पुष्कळ रुग्णांत कण्याला इजा नसून भीतीचा परिणाम असतो, असे त्यांचे म्हणणे. पेज हे एका रेल्वे कंपनीचेच शल्यविशारद होते, हेही सांगून ठेवलेले बरे!

शंभराहून अधिक वर्षांनी तोच वाद ‘व्हिपलॅश’वरून झाला. लिथुआनियात अशा दुखापतीचा विमा फारसा कोणी काढलेला नव्हता आणि या शब्दाचा गाजावाजाही नव्हता. तेथे मागून धडक बसलेल्या २०२ चालकांना एक ते तीन वर्षांनंतर गाठून प्रश्न विचारले गेले. अपघात न झालेल्या लोकांपेक्षा त्यांच्यात जुनाट मानदुखी विशेष आढळली नाही, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. लगेच आक्षेप आले : त्यांतल्या बहुतेकांना मुळात अपघाताच्या वेळीच इजा झाली नव्हती, मग ती टिकणार कोठून? कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १९९५ पासून वेदनेबद्दल भरपाई मागण्याची पद्धत बंद केली, तेव्हा दाव्यांचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले आणि लोक बरेही लवकर झाले. यावरून दुखणे खोटे असते असे समजू नका. दावे २८ टक्क्यांनी घटले, म्हणजे ७२ टक्के तरी उरलेच ना? माझ्या मते यातून एवढेच दिसते की, दुखणे किती टिकते हे नुसत्या स्नायूंवर ठरत नाही. काळजी, कज्जे आणि मनाची धास्ती यांचाही त्यात वाटा असतो.

या गोंधळावर उपाय म्हणून १९९५ साली कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या तज्ज्ञ-गटाने शब्दाचीच फोड केली. ‘व्हिपलॅश’ म्हणजे धक्क्याची रीत; त्यातून होणारी इजा निराळी; आणि रुग्णाला जाणवणारे विकार आणखी निराळे. या विकारांना त्यांनी शून्य ते चार अशा पायऱ्या दिल्या : शून्य म्हणजे काहीच तक्रार नाही, चार म्हणजे हाड मोडलेले किंवा निखळलेले. क्रोला १९२८ साली जे म्हणायचे होते ते अखेर कागदावर आले. तिकडे इंग्लंडने २०१८ साली कायद्यातच या शब्दाची व्याख्या केली. तीत मानेबरोबर पाठ आणि खांदाही घातला आहे. म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावरचा व्हिपलॅश आणि न्यायालयातला व्हिपलॅश या दोन वेगळ्या वस्तू आहेत!

इतर भाषांनी काय केले पाहा. इटालियन, स्पॅनिश आणि जपानी या तिघींनी चाबूकच उचलला. जर्मनांनी ‘भिरकावल्याने झालेली इजा’ अशा अर्थाचा शब्द केला. फ्रेंच लोक मात्र याला ‘सशाचा फटका’ म्हणतात, कारण ससा मारताना त्याच्या मानेमागे फटका मारतात. इंग्रजीत आता हा शब्द मानेपासूनही सुटला आहे. सरकारने धोरण उलटसुलट फिरवले की त्याला ‘धोरणाचा व्हिपलॅश’ म्हणतात. दुष्काळामागोमाग अतिवृष्टी झाली की हवामानशास्त्रज्ञ ‘पर्जन्याचा व्हिपलॅश’ म्हणतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस तेथे अतिवृष्टी झाली, हे त्याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणता येईल. मराठीत आसूड आणि कोरडे लेखणीतूनही ओढले जातात. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाचे नाव तुम्हांला ठाऊक असेल. पण मानेसाठी आपल्याकडे चाबूक नाही. आपण म्हणतो मान लचकली, मानेत उसण भरली, मानेला हिसका बसला. यांतला ‘हिसका’ मला सर्वांत आवडतो. त्यात रोगाचे नाव नाही की चाबूकही नाही. जे घडले तेवढेच त्यात आहे.

‘व्हिपलॅश’ हा शब्द नुसता मोटारीपुरता नाही, हे लहान भावंडे असणाऱ्यांनी जरूर ध्यानात ठेवावे. १९७४ साली जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरने, तान्ह्या मुलांना धरून जोराने गदगदा हलवल्यामुळे मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन करताना हाच शब्द वापरला. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते आणि मान फार दुबळी. बाळ रडायचे थांबत नाही म्हणून रागाने त्याला हलवणे जिवावर बेतू शकते.

आता मोटारीच्या आसनावरच्या उशीकडे वळू. आपण तिला ‘हेडरेस्ट’, म्हणजे डोके टेकण्याची जागा म्हणतो. हाही शब्द असाच फसवा! ती विसाव्यासाठी नाहीच. डोके रोखण्यासाठी आहे, आणि अभियंते तिला ‘डोके रोखणारी’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना ती सक्तीची झाली. पण विसाव्याची वस्तू समजून कोणी ती अगदी खाली दाबून ठेवतो, तर कोणी मागचे दिसत नाही म्हणून काढून माळ्यावर टाकतो. खाली दाबलेली उशी मानेमागे येते. मग डोके तिच्यावरून मागे वाकते आणि फायद्याऐवजी तोटाच होतो.

मघाचा हिशेब पुन्हा घ्या. डोके आणि उशी यांत १४ सेंटिमीटर अंतर असेल, तर पूर्ण ०.१ सेकंद मानेला एकटीलाच झुंजावे लागते. अंतर ५ सेंटिमीटर असेल तर? काळ = (२ × ०.०५ ÷ २७.८) चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.०६ सेकंद. तेवढ्यात उशी डोक्याला भेटते आणि पुढचे ओझे स्वतःवर घेते. म्हणून उशीची वरची कड माथ्याच्या पातळीला आली पाहिजे आणि उशी डोक्याच्या जितकी जवळ तितकी बरी. उशीमागच्या दांड्याजवळ बहुधा एक कळ असते. ती दाबून उशी वर ओढता येते. घरी किंवा शेजारी मोटार असेल तर पट्टी घेऊन दोन्ही अंतरे मोजा, आणि आसनावर बसणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळी मोजा, कारण वडिलांसाठी बरोबर बसवलेली उशी काकांच्या मानेमागे येत असेल.