स्वतंत्र ध्वनिमुद्रिका

गीतकार, संगीतकार वा गायक यांनी मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपनीच्या किंवा चित्रपटनिर्मात्याच्या आश्रयावाचून, स्वतःच्या जबाबदारीवर व स्वतःच्या निर्णयाने सिद्ध केलेली ध्वनिमुद्रिका. तीतील रचना बहुधा गायकाच्या स्वतःच्या असतात. काव्य, चाल व गायन ही तिन्ही अंगे एकाच व्यक्तीकडे असल्यास तिला ‘गीतकार-गायक’ म्हणतात. ‘इंडिपेंडंट’ या इंग्रजी शब्दापासून झालेल्या ‘इंडी’ या संक्षिप्त नावाने हा प्रकार तरुण श्रोत्यांत ओळखला जातो. चार ते सहा गीतांचा लघुसंग्रह हे त्याचे रूढ स्वरूप असून, परदेशी वादकांच्या साथीने असे संग्रह मुद्रित करण्याचा प्रघातही वाढला आहे. ‘इंडी’ ही संगीताची एक शैली आहे, असे पुष्कळदा समजले जाते. परंतु तो समज बरोबर नाही. मूळ ध्वनिफीत कोणाच्या ताब्यात आहे व ती श्रोत्यांपुढे केव्हा ठेवावयाची हे कोण ठरवितो, या प्रश्नाशी या स्वातंत्र्याचा खरा संबंध आहे. मुंबई व गोवे येथील दोन संगीतकारांच्या उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

संग्रहाची लांबी प्रथमतः तंत्राने ठरविली. भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेडरिक गैसबर्ग यांच्या हस्ते प्रारंभ झाला. मिनिटास सु. ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच संगीत मावे. ख्यालगायकांना ही मर्यादा जाचक झाली. मराठी भावगीताला मात्र ती मानवली, नव्हे, त्याचा घाटच तिने घडविला. अशा अनेक तबकड्या पुस्तकाप्रमाणे बांधलेल्या वेष्टनात ठेवून विकल्या जात. ‘अल्बम’ ही संज्ञा त्यावरून आली. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादी (मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची) व १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी बाजारात आणली. या छोट्या तबकडीच्या प्रत्येक बाजूवर सामान्यतः दोन गीते बसविण्याची सोय १९५२ पासून झाली. तिलाच ‘एक्सटेंडेड प्ले’ किंवा ‘ई.पी.’ हे नाव मिळाले. चार मराठी गीतांच्या अशा तबकड्या एके काळी घरोघर होत्या. तबकडी मागे पडली तरी नाव टिकले. चारसहा गीतांच्या संग्रहाला संगणकाच्या काळातही ई.पी. असेच म्हणतात.

तबकडी छापण्याचा कारखाना, ध्वनिमुद्रणाचे दालन व विक्रीची दुकाने ही सर्व साखळी कंपनीच्या हाती असल्यामुळे काय मुद्रित करावयाचे हेही कंपनीच ठरवी. या साखळीत पहिला खंड पाडणाऱ्यांत लंडनचे निर्माते डेनिस प्रेस्टन यांची गणना होते. लंडनच्या लॅन्सडाउन ध्वनिमुद्रणगृहात ते आपल्या पसंतीच्या वादकांचे संगीत मुद्रित करीत आणि तयार फिती ईएमआयसारख्या मोठ्या कंपनीस प्रसिद्धीसाठी देत. येथे निर्माता स्वतंत्र झाला. वादक झाला, असे म्हणता येत नाही. हा भेद पुढील हकिगतीत महत्त्वाचा ठरतो.

लॅन्सडाउन येथे भारतीय व जॅझ वादक एकत्र आले, ते कलकत्त्यात जन्मलेले संगीतरचनाकार जॉन मेयर व जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यांच्या पुढाकाराने. त्यांची इंडो-जॅझ स्वीट ही ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तबल्याची साथ मुंबईहून १९५६ साली लंडनला गेलेले केशव साठे (१९२८–२०१२) यांची होती. पुढील दोन दशके लंडनमधील जॅझ व लोकगीत-गायकांच्या मुद्रणांत साठे यांचे नाव वारंवार आढळते. महाराष्ट्रातील संगीतविषयक लेखनात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

अशा मीलनातील सांगीतिक अडचण समजून घेणे आवश्यक आहे. रागसंगीतात षड्ज अचल असतो व तंबोरा तो अखंड ऐकवीत राहतो. जॅझमध्ये अनेक स्वर एकाच वेळी वाजवून साधलेले स्वरसंघात दर एकदोन मात्रांनी बदलतात आणि त्यांबरोबर आधाराचा स्वरही सरकतो. तंबोरा तसाच चालू ठेवला, तर संघात विसंवादी वाटतात आणि संघात सोडले, तर जॅझचा पियानोवादक बेकार होतो. मेयर यांनी पुष्कळसा भाग आधी लिहून काढून हा पेच सोडविला. साहजिकच त्यांच्या रचनांत उत्स्फूर्त विस्ताराला मोजकीच जागा राहिली. तालाच्या बाबतीत अडचण त्यामानाने कमी होती. तालाचे आवर्तन व समेवर येणे ही कल्पना जॅझच्या वादकांना लवकर उमगते. परंतु तबल्याचे नाजूक बोल पाश्चात्त्य ढोलाच्या कल्लोळात बुडू नयेत म्हणून ध्वनिग्राहकांची मांडणी फार जपून करावी लागते.

मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा (१९३६–९६) यांचा मार्ग निराळा होता. ते १९६७ मध्ये लंडनला गेले. इंटिग्रेशन (१९६९) ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रेस्टन यांनीच काढली. तीत इअन कार (ट्रंपेट) व डॉन रेंडेल (सॅक्सोफोन) हे त्या वेळचे अग्रगण्य इंग्रज वादक साथीला होते. त्याच वर्षी हॅरिअट यांच्यासह त्यांनी हम दोनो ही ध्वनिमुद्रिका केली. नॉर्मा विन्स्टन या गायिकेने तीत शब्दांवाचून केवळ आकाराने गायन केले आहे. संग्रहाचे नाव हिंदी, एका रचनेच्या नावात गोवा, वादक जमेका, इंग्लंड व मुंबई येथील. असा हा मेळ. डिसिल्व्हा यांच्या रचना सुटसुटीत व गाण्यासारख्या आहेत. पडद्यांच्या गिटारवर बीन वा सतारीसारखी लांब मींड निघत नाही, हे ओळखून त्यांनी मींडेचे अनुकरण फारसे केले नाही. एकाच स्वरसप्तकावर दीर्घ काळ रेंगाळून लहान लहान स्वरवाक्ये परत परत फिरविण्यावर भर दिला. मेयर यांच्या रचनांपेक्षा त्या आज अधिक टवटवीत वाटतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

१९७२ मध्ये डिसिल्व्हा यांनी कोकण डान्स या नावाने आणखी एक संग्रह मुद्रित केला. रेंडेल यांची सॅक्सोफोन व बासरी आणि त्यांच्या जोडीला सतार व तबला अशी त्याची वाद्ययोजना होती. जन्मभूमीचे नाव धारण करणारा हा संग्रह त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. तो २००६ मध्ये, म्हणजे मुद्रणानंतर ३४ वर्षांनी व संगीतकाराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, श्रोत्यांस उपलब्ध झाला. संगीत तयार होते, वादकांचे काम पुरे झाले होते. अडले होते ते केवळ प्रकाशन. चित्रकाराला आपले चित्र निदान भिंतीवर टांगता येते. फीत दुसऱ्याच्या कपाटात असलेल्या संगीतकाराला तेवढीही सोय नसते.

१९७२ मध्येच अलिशा सूफिट या इंग्रज गीतकार-गायिकेच्या गीतांची मॅजिक कार्पेट ही ध्वनिमुद्रिका मश्रूम या लंडनमधील छोट्या संस्थेने काढली. क्लेम आल्फर्ड यांची सतार, जिम मॉइस यांची गिटार व केशव साठे यांचा तबला अशी तिची साथसंगत आहे. परदेशी वादकांच्या साथीने गीतकार-गायकाने केलेल्या संग्रहाचे हे जुने व चांगले उदाहरण होय. फरक इतकाच, की येथे ‘परदेशी’ वादक मुंबईचा आहे. हा चमू लवकरच विखुरला. पुढे मूळ तबकडी संग्राहकांत दुर्मिळ झाली व कालांतराने तिची पुनःप्रसिद्धी झाली.

गोव्यातील उदाहरण याच्या नेमके उलट आहे. बारदेश तालुक्यातील शिवोली येथील रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांनी मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण घेतले व १९७०–८० या दशकाच्या अखेरीस यूरोपात हिंडून तेथील वादकांबरोबर वादन केले. परतल्यावर त्यांनी शिवोलीच्या घरातच चार मार्गिकांच्या फीतमुद्रकावर गोअन क्रेझी हा इंग्रजी गीतांचा संग्रह केला व १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. गीते, चाली, गायन आणि सर्व वाद्यांचे वादन त्यांचेच होते. तयार कॅसेटी स्कूटरवर घालून गोव्यातील दुकानांत पोचविण्याचे कामही त्यांनीच केले.

चार मार्गिकांवर अनेक वाद्यांचा मेळ कसा उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे. फितीच्या रुंदीत चार समांतर पट्टे असतात. पहिल्या तिहींवर ताल, मंद्र गिटार व लयीची गिटार अनुक्रमे वाजवून भरतात. मग ती तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्ट्यावर उतरवितात व पहिले तीन पुसून पुन्हा मोकळे करतात. दर खेपेस फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेली वाद्ये पुन्हा वेगळी करता येत नाहीत. त्यामुळे कोणते वाद्य किती पुढे ठेवावयाचे, हा निर्णय प्रारंभीच घ्यावा लागतो. लंडनच्या सुसज्ज दालनातील ध्वनीशी अशा घरगुती मुद्रणाची तुलना होणार नाही. परंतु ते ज्या वर्षी तयार झाले, त्याच काळात म्हापसे व पणजी येथे ऐकले गेले.

संगणकाने हा खटाटोप पुष्कळ सोपा केला. मार्गिकांची संख्या जवळजवळ अमर्याद झाली, व दूरदेशीच्या वादकाला बोलावण्याचेही कारण उरले नाही. गायक गिटार व गळा यांचे कच्चे मुद्रण लयीच्या नियमित ठोक्यांसह पाठवितो. लिस्बनचा वा टोरांटोचा वादक आपल्या घरी त्यावर चेलो वा ट्रंपेट वाजवून ती मार्गिका परत धाडतो. दोघांनी एकाच क्षणी वाजवावे म्हटल्यास जालावरील अल्पसा विलंबही लय मोडण्यास पुरतो, म्हणून ही देवघेव आळीपाळीनेच होते. जयपूरचे प्रतीक कुहाड यांचा कोल्ड/मेस (२०१८) हा सहा गीतांचा इंग्रजी संग्रह या पिढीतील प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यानंतरचा त्यांचा एक संग्रह अमेरिकेत सीअ‍ॅटलजवळ मुद्रित झाला. घरगुती मुद्रणाची जुनी अडचण मात्र कायम आहे, ती गोंगाटाची. कळव्यासारख्या, ठाणे व मुंब्रा यांच्यामधील रेल्वेमार्गालगतच्या वस्तीत शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंतचा अवधी हाच काय तो निर्वेध. तेवढ्यात, गोधड्या व गाद्यांच्या आडोशाने भिंतींचा प्रतिध्वनी थोपवून, गाऊन घ्यावे लागते. अशा आळीपाळीच्या मुद्रणात वादक परस्परांकडे पाहून वाजवीत नाहीत, हा दोष शिल्लक राहतोच. हम दोनो ऐकताना गिटार व सॅक्सोफोन यांचे एकमेकांना वाट करून देणे जाणवते, ते येथे सहसा आढळत नाही.

भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वाधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो व तो प्रथमतः निर्मात्याकडे, म्हणजे मुद्रणाची व्यवस्था करणाऱ्याकडे असतो. काव्य व चाल यांचे अधिकार त्याहून वेगळे होत. वादक-गायकांच्या प्रयोगाधिकारास १९९४ च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा कराराने काढून घेण्यावर बंधन आले. स्वखर्चाने मुद्रण करणारा गीतकार-गायक स्वतःच निर्माताही असल्यामुळे हे सर्व अधिकार प्रारंभी त्याच्या एकट्याच्या हाती असतात. साथीच्या परदेशी वादकाशी मात्र लेखी करार पाठवणीपूर्वीच करून ठेवावा लागतो, कारण त्याच्या देशाचा कायदा व आपला कायदा यांत वादकाच्या हक्कांची मुदत व व्याप्ती सारखी असेलच असे नाही.