दोषाचा ठावठिकाणा

गेल्या वर्षी, पाऊस नुकताच ओसरला असताना, एका महाविद्यालयाच्या संगणककक्षातील सर्व्हरचा मदरबोर्ड बदलण्याचे काम मजकडे आले. काम तसे नेहमीचेच होते. सायंकाळपर्यंत नवा बोर्ड कॅबिनेटात बसला, तारा जोडल्या गेल्या, पंखे फिरू लागले आणि यथावकाश पडद्यावर अक्षरेही उमटली. तथापि त्या अक्षरांत एक आकडा असा होता की, तो पाहून घरी जाण्याचा विचार मला सोडून द्यावा लागला. प्रत्येकी १६ गिगाबाइटच्या आठ रॅम मी स्वतःच्या हाताने बसविल्या होत्या. यंत्राने १२८ गिगाबाइट सांगावयास हवे होते आणि ते सांगत होते ११२. आठांपैकी एक रॅम जागेवर असूनही हजेरी देत नव्हती. ती कोणती, आणि दोष तिचा की आणखी कोणाचा, हे शोधताना जी वाट चालावी लागते, ती मला या साऱ्या विद्येतील सर्वांत सुंदर वाटते. परंतु ती सांगावयाची तर आधी या बोर्डाची घडण थोडी समजावून घेतली पाहिजे.

घरच्या संगणकाचा बोर्ड आणि सर्व्हरचा बोर्ड दिसण्यात एकाच घराण्यातले वाटतात, परंतु त्यांच्या जबाबदाऱ्या भिन्न आहेत. घरचा संगणक रात्री विसावतो आणि बिघडला तर एका कुटुंबाची अडचण होते; सर्व्हर मात्र अहोरात्र जागा असतो, आणि विद्यार्थ्यांचे निकाल, पतपेढीतील ठेवी, रुग्णालयातील नोंदी असा अनेकांचा ऐवज त्याच्या हवाली केलेला असतो. म्हणून त्याची रचना करणारांनी चूक होणारच हे आधीपासून गृहीत धरलेले असते. या विचाराचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडते. तेथील रिचर्ड हॅमिंग हा गणिती सुटीच्या दिवसांत कोणी माणूस हजर नसताना चालणाऱ्या रिले-यंत्रावर आपली गणिते लावून जाई, आणि सोमवारी येऊन पाहावे तो यंत्राने कोठेतरी चूक झाल्याचे ओळखून त्याचे गणित अर्धवट सोडून दिलेले असे. ज्या यंत्राला चूक झाली एवढे कळते, त्याला ती नेमकी कोठे झाली हेही का कळू नये, असा प्रश्न त्याने स्वतःस घातला, आणि १९५० साली चूक हुडकून दुरुस्त करणारी आपली संकेतपद्धती प्रसिद्ध केली. डीडीआर-४ या पिढीपर्यंतच्या सर्व्हर-रॅममध्ये प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट अधिक ठेवलेले असतात. त्यांच्या बळावर एक बिट बिघडला तर तो तत्क्षणी सुधारता येतो, आणि दोन बिघडले तर निदान तशी वर्दी देता येते. बिट आपोआप बिघडतो कशाने? १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातच किंचित किरणोत्सारी द्रव्य असेल, तर त्यातून सुटलेला एखादा अल्फा कण स्मृतीतील शून्याचे एक करून टाकू शकतो. अंतराळातून येणारे विश्वकिरणही वातावरणात जे कण निर्माण करतात, त्यांच्या द्वारे हाच उपद्रव करतात.

माझ्या हातातील बोर्ड एएमडी कंपनीच्या एपिक प्रोसेसरासाठी घडविलेला होता. २०१७ साली आलेल्या या प्रोसेसराला रॅमकडे जाणारे आठ स्वतंत्र मार्ग असतात, आणि ज्या सॉकेटात तो बसतो त्यात ४०९४ सूक्ष्म स्प्रिंगा दाटीने उभ्या असतात. प्रोसेसराला स्वतःच्या टाचण्या नसतात. त्याच्या पाठीवरील तितकेच सोनेरी ठिपके त्या स्प्रिंगांवर दाबले गेले म्हणजे संबंध जुळतो. यास्तव सॉकेटावर बोट टेकवू नये, त्यावर काही पडू देऊ नये, आणि प्रोसेसर बसविल्यावर चौकटीचे तीन स्क्रू त्यांच्याशेजारी कोरलेल्या १, २, ३ या क्रमानेच आवळावे, काढताना उलट्या क्रमाने सैल करावे, असा शिरस्ता आहे. दाब सर्वत्र सारखा पडावा, एवढाच त्या क्रमाचा अर्थ. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बोर्ड पिशवीतून काढण्यापूर्वी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधणे हा उपचार अनेकांस कर्मकांडासारखा वाटतो. परंतु त्यामागील भौतिकशास्त्र पक्के आहे. थंडीत स्वेटर काढताना जी ठिणगी आपल्याला बोचते, ती जाणवण्याइतकी होण्यास सुमारे ३००० व्होल्ट लागतात. उलट नाजूक चिपांतील काहींना १०० व्होल्टही घातक ठरतात. म्हणजे जी ठिणगी आपणांस कळतही नाही, तीच घात करून जाते. आणि घायाळ झालेली चिप कधी कधी लगेच मरत नाही, ती काही महिने चालून मग दगा देते. मुंबईच्या दमट हवेत हे भय कमी, असे म्हणावे, तर सर्व्हर असतो वातानुकूलित खोलीत, जेथील यंत्र हवेतील ओल सतत काढून घेत असते.

कॅबिनेटाच्या पत्र्यावर जे पितळी खुंट असतात, ज्यांना कारागीर स्टँडऑफ म्हणतात, ते बोर्डाच्या भोकांखालीच असावेत. जुन्या बोर्डाचा एखादा जादा खुंट तसाच राहिला, तर तो नव्या बोर्डाच्या पाठीला भलत्या ठिकाणी टेकतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. माझ्या पाहण्यातील दोन ‘मेलेले’ बोर्ड असे एक खुंट काढताच जिवंत झालेले आहेत.

विजेच्या जोडण्यांत सर्वांत अधिक विसर पडतो तो आठ टाचण्यांच्या १२ व्होल्टच्या प्लगचा. प्रोसेसराला २०० वॅट शक्ती हवी असते, परंतु ती त्याला सुमारे एका व्होल्टाच्या दाबाने द्यावी लागते. म्हणजे प्रवाह झाला २०० अँपिअरच्या घरात, आणि आपल्या स्नानगृहातील २००० वॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास भागवितो. एवढा प्रवाह लांबून वाहून आणणे अशक्य, म्हणून १२ व्होल्ट सॉकेटाच्या अगदी उंबऱ्याशी आणून तेथेच उतरविले जातात. हा प्लग राहिला, तर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि पडद्यावर काहीही येत नाही. नवशिका माणूस अशा वेळी बोर्डाला दोष देतो.

परंतु सारे यथास्थित असूनही पडदा बराच वेळ काळा राहतो, त्याचे कारण निराळे आणि फार मनोवेधक आहे. बोर्डावरील तांब्याच्या रेषांतून विद्युत्संकेत एका नॅनोसेकंदात जेमतेम १५ सेंटिमीटर जातो. २६६६ वेगाच्या डीडीआर-४ रॅममध्ये एका बिटाच्या वाट्याला ०.३७५ नॅनोसेकंद येतो. म्हणजे एक बिट वाटेत साडेपाच सेंटिमीटरच पुढे गेला असता त्याच्यामागून दुसरा निघालेला असतो. एकत्र निघालेले बिट एकत्रच पोहोचावेत म्हणून जवळच्या रेषेला मुद्दाम नागमोडी वळणे देऊन तिची लांबी दूरच्या रेषेइतकी केलेली असते. बोर्ड प्रकाशात तिरपा धरला म्हणजे रॅमच्या खाचांजवळ ती वळणे सहज दिसतात. एवढ्यानेही भागत नाही. प्रत्येक रॅमची प्रकृती किंचित भिन्न असल्यामुळे, यंत्र पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसर प्रत्येक मार्गावर नमुन्याचे संकेत धाडून, ते कोणत्या क्षणी वाचले असता अचूक वाचले जातात याची खातरजमा करून घेतो. रॅम पुष्कळ असेल तर या खटाटोपाला कित्येक मिनिटे लागतात. आणि धीर सुटून कोणी मध्येच वीज तोडली, तर सारे पहिल्यापासून सुरू होते. नवा सर्व्हर सुरू करून स्वस्थ बसणे हाही स्थापनेचाच एक भाग आहे, आणि तो करणारे थोडे.

या काळ्या पडद्याच्या अवधीतही बोर्ड मुका नसतो. पुष्कळ बोर्डांवर दोन अंकांची लहानशी तबकडी असते. सुरुवातीच्या तपासणीचा जो टप्पा चालू असेल त्याचा संकेतांक तीवर उमटतो, आणि तपासणी जेथे अडते तेथेच तो आकडा थिजून राहतो. याखेरीज सर्व्हर-बोर्डावर बीएमसी नावाचा एक छोटा, स्वतंत्र संगणकच बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर हा पहारेकरी जागा असतो. त्याला नेटवर्कचे स्वतःचे दार असते, आणि तापमान, पंख्यांची गती, व्होल्टेज व रॅममधील सुधारलेल्या चुका यांचे रोजनामचे तो ठेवीत असतो. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय ही सर्वमान्य भाषा इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली प्रथम ठरविली. दोषाच्या चौकशीत पहिली जबानी या पहारेकऱ्याची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुन्हा त्या हरवलेल्या १६ गिगाबाइटांकडे वळू. बीएमसीच्या नोंदींतून एवढे कळले की, आठपैकी सहाव्या खाचेत रॅम असल्याचा पत्ताच यंत्राला नाही. अशा वेळी मोह असा होतो की, ती रॅम बदलावी, बायोस, म्हणजे बोर्डाची आरंभीची आज्ञावली, नवी घालावी, बोर्डावरील सेल काढून पुन्हा बसवावा, आणि हे सारे एकाच दमात करावे. असे केल्याने कधी कधी यंत्र चालूही होते, परंतु काय केल्याने चालू झाले हे कळत नाही, आणि आठवड्याने तोच दोष परतला म्हणजे आपण होतो तेथेच उभे असतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावयाचा. मी सहाव्या खाचेतील रॅम दुसऱ्या खाचेत नेली आणि दुसरीतील सहावीत आणली. अन्य कशासही हात लावला नाही. येथे दोनच उत्तरे संभवतात. दोष रॅमचा असेल, तर तो तिच्याबरोबर दुसऱ्या खाचेत स्थलांतर करील. दोष जागेचा असेल, तर तो सहाव्या खाचेतच मुक्काम ठोकून राहील. तो राहिला. रॅम निर्दोष ठरली.

मग उरले तिघे संशयित: खाच, तिच्यापासून सॉकेटापर्यंतच्या रेषा, आणि सॉकेट व प्रोसेसर यांमधील स्पर्श. पहिल्या दोहोंत बोर्ड परत धाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिसरा माझ्या हातातला होता. प्रोसेसराची उष्णता वाहून नेणारा हीटसिंक उतरविला, थर्मल पेस्ट पुसली, आणि तीन स्क्रू उलट्या क्रमाने सैल करू लागलो, तेव्हा तिसरा स्क्रू इतरांच्या मानाने फारच हलक्या हाताने सुटला. तो मीच आवळलेला होता. त्या कोपऱ्यावर दाब कमी पडल्यामुळे काही स्प्रिंगांची ठिपक्यांशी गाठ पडली नव्हती, आणि त्या नेमक्या सहाव्या मार्गाच्या होत्या. ४०९४ संबंधांपैकी मोजके सुटले तरी बाकीचे यंत्र बिनतक्रार चालते आणि फक्त एक मार्ग गळतो, हे या घडणीचे बलही आहे आणि फसवेपणही. कारण मी ११२ हा आकडा बारकाईने पाहिला नसता, तर तो सर्व्हर वर्षानुवर्षे एक रॅम कमी घेऊन चालत राहिला असता. भिंगातून सॉकेट न्याहाळून एकही स्प्रिंग वाकलेली नाही याची खात्री केली, प्रोसेसर पुन्हा बसविला, स्क्रू १, २, ३ या क्रमाने, हाताशी आणलेल्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने नेमून दिलेल्या दाबापर्यंत आवळले, आणि वीज देऊन स्वस्थ बसलो. चार मिनिटांनी पडद्यावर १२८ आले.

आपल्याकडील लहान संस्थांच्या अडगळीत ‘बोर्ड गेला’ या शेऱ्यासह पडून असलेले सर्व्हर थोडेथोडके नाहीत. दोन सॉकेटांच्या बोर्डात एकच प्रोसेसर असावा आणि रॅम मात्र दुसऱ्या, रिकाम्या सॉकेटाच्या वाट्याच्या खाचांत भरलेल्या असाव्यात, एवढ्याच कारणावरून बाद ठरलेले यंत्र मी स्वतः पाहिले आहे. वाचकांपैकी कोणाच्या कचेरीत असे यंत्र असेल, तर भंगारवाल्याला बोलाविण्यापूर्वी त्यांनी एक सबंध दिवस त्यासाठी राखून ठेवावा: बोर्ड कॅबिनेटातून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा, हीटसिंकासह एक प्रोसेसर व त्याच्याच वाट्याच्या पहिल्या खाचेत एक रॅम एवढेच बसवावे, मुख्य आणि आठ टाचण्यांचा असे दोन्ही वीजप्लग लावावेत, दहा मिनिटे वाट पाहावी, आणि बोर्ड बोलू लागला तर पुढे एकेक वस्तू वाढवीत जाऊन प्रत्येक पायरी वहीत टिपून ठेवावी.